शेजाऱ्याच्या चषकाची उठाठेव

१५ ऑक्टोबर २०१३ ची रात्र. मेक्सिकोचा फुटबॉल संघ कोस्टा रिकात १-२ असा मागे पडला होता आणि तिकडे पनामा सिटीत पनामा अमेरिकेविरुद्ध २-१ ने पुढे होता. दोन्ही निकाल असेच राहिले असते तर विश्वचषकाचं दार मेक्सिकोला बंद झालं असतं. नव्वद मिनिटं संपली. अमेरिकेची पात्रता केव्हाच पक्की झाली होती, या सामन्यातून त्यांना मिळवायचं असं काहीच नव्हतं. तरी भरपाई वेळेत ग्रॅहम झुसीने डोक्याने गोल मारला, आणि मिनिटभरात ॲरन योहानसनने आणखी एक. पनामाचं पहिल्यावहिल्या विश्वचषकाचं स्वप्न तिथेच मोडलं. मेक्सिकोला प्लेऑफची, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या लढतीची, फट मिळाली. मेक्सिकन वाहिनीवर समालोचक क्रिस्तियान मार्तिनोली घसा फाडून ओरडत होता. अमेरिकेचे आभार मानता मानता तो आपल्याच खेळाडूंची बिनपाण्याने करत होता: हे तुम्ही केलेलं नाही, त्यांनी केलंय, एवढं जन्मभर लक्षात ठेवा.

पुढे न्यूझीलंडला दोन सामन्यांत मिळून ९-३ ने हरवून मेक्सिको ब्राझीलच्या विश्वचषकाला गेला. तरीही मला वाटतं, २००२ च्या विश्वचषकात याच अमेरिकेने बाद फेरीत २-० ने घरी पाठवलं होतं, त्याहून ही रात्र मेक्सिकन चाहत्याला जड गेली असणार. पराभवाचा हिशेब पुढच्या सामन्यात चुकता करता येतो. शेजाऱ्याचे उपकार फेडायचे कसे? २०१८ मध्ये दक्षिण कोरियाने जर्मनीला २-० ने हरवलं आणि स्वीडनकडून सपाटून मार खाल्लेला मेक्सिको त्यामुळे पुढच्या फेरीत गेला. तेव्हा मेक्सिको सिटीतले चाहते नाचतगात थेट कोरियाच्या दूतावासावर धडकले आणि तिथल्या अधिकाऱ्याला त्यांनी खांद्यावर उचलून घेतलं. लांबच्या माणसाचे उपकार असे मोकळ्या मनाने मानता येतात. शेजाऱ्याचे मानताना दात खावे लागतात.

दर मोठ्या स्पर्धेच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो. आपला संघ बाहेर पडला, किंवा तिथवर पोचलाच नाही, तर शेजारच्या देशाला पाठिंबा द्यायला काय हरकत आहे? एकच खंड, पुष्कळदा एकच भाषा, खेळाडूही एकाच क्लबमधून खांद्याला खांदा लावून खेळणारे. मग शेजारी हरला की टाळ्या कशाला पिटता? असं विचारणारे लोक सज्जन असतात यात शंका नाही. पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही. शेजाऱ्याच्या विजयात सामील होण्याचं कर्तव्य कुणाही चाहत्यावर नाही, आणि त्याच्या पराभवावर हसणं हा एका मर्यादेपर्यंत चाहत्याचा हक्क आहे. ती मर्यादा कुठे येते तेही बघायला हवं, कारण ती येतेच.

या भांडणाचं माहेरघर म्हणजे स्कॉटलंड. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामनाच मुळी ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. चारेक हजार प्रेक्षक, गोल एकही नाही. नंतर मात्र स्कॉटलंडने इंग्लंडला असं धुतलं की पहिल्या सोळा सामन्यांपैकी इंग्लंडला फक्त दोन जिंकता आले. १८७८ मध्ये ७-२, १८८१ मध्ये थेट लंडनमध्ये जाऊन ६-१. इंग्रज खेळाडू चेंडू पायाशी घेऊन एकेकटे घुसत, स्कॉट एकमेकांना पास देत पुढे सरकत, आणि पुढे जगाने उचलली ती स्कॉटिश पद्धत. त्यामुळे स्कॉटिश चाहत्याच्या लेखी इंग्लंड म्हणजे खेळ आपलाच असं सांगत फिरणारा, आणि स्कॉटलंड म्हणजे तो खेळायचा कसा हे दाखवून देणारा. ही जुनी ऐट लक्षात घेतल्याशिवाय नंतरचा कडवटपणा कळत नाही. ज्याला आपण शिकवलं तोच १९६६ मध्ये जगज्जेता झाला! त्या अंतिम सामन्याच्या दिवशी स्कॉटलंडचा डेनिस लॉ मुद्दाम गोल्फ खेळायला निघून गेला होता, म्हणजे तो सामना बघावाच लागू नये.

पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल १९६७ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर स्कॉटलंडने त्या जगज्जेत्यांना ३-२ ने हरवलं. पहिला गोल लॉचा. स्कॉटलंडचा जिम बॅक्स्टर सामना चालू असताना चेंडू पायावर खेळवत, उडवत उभा राहिला. जगज्जेत्याला हरवलं, म्हणजे जगज्जेते आता आम्ही, असं स्कॉटिश चाहत्यांनी जाहीर करून टाकलं. ते अर्थात चेष्टेत. पण चेष्टेतला सगळाच भाग चेष्टा नसतो. हा सामना १९६८ च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रतेचाही होता, आणि गटात पहिला येऊन पुढे गेला तो इंग्लंडच, एका गुणाने. स्कॉटिश चाहत्याला हे आठवत नाही असं नाही. त्याला ते महत्त्वाचं वाटत नाही.

१९५४ ते १९९८ या काळात स्कॉटलंड आठ विश्वचषकांत खेळला आणि एकदाही पहिल्या फेरीपलीकडे गेला नाही. १९७४ मध्ये तर एकही सामना न हरता गोलफरकावर बाहेर पडला. अशा देशाच्या चाहत्याने दर चार वर्षांनी करायचं काय? शेजारच्या देशातून आलेली वाहिनी लावायची, तिच्यावर १९६६ ची आठवण पुन्हा एकदा ऐकायची, आणि वर ‘या वेळी आपण जिंकणार’ यातल्या ‘आपण’मध्ये स्वतःला बसवून घ्यायचं? ते काही त्याला जमत नाही. म्हणून तो इंग्लंडसमोर जो कुणी असेल त्याच्या बाजूने उभा राहतो.

२००६ मध्ये यावरून चांगलं राजकारण पेटलं. स्कॉटलंड जर्मनीतल्या विश्वचषकाला पोचला नव्हता. स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, जॅक मॅकॉनेल यांनी सांगून टाकलं की आपण इंग्लंडला पाठिंबा देणार नाही. त्यांची पसंती होती त्रिनिदाद आणि टोबॅगोला, जो इंग्लंडच्याच गटात होता. त्यांच्याच पक्षाचे, स्वतःही स्कॉटिश असलेले, तेव्हाचे ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी मात्र इंग्लंडला पाठिंबा जाहीर केला. आता यात खरं कोण बोलत होतं? ब्राउन यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. पण ज्यांना पुढे सगळ्या ब्रिटनचं पंतप्रधान व्हायचं होतं, त्यांना दुसरं काही म्हणण्याची सोयच नव्हती. मॅकॉनेल यांचं बोलणं संकुचित म्हणून हिणवलं गेलं, पण ते चाहत्यासारखं होतं. इकडे स्कॉटिश दुकानांत त्रिनिदादची जर्सी खपत होती, कारण त्या संघात एक खेळाडू होता, आडनाव स्कॉटलंड. जेसन स्कॉटलंड. असा योग दवडणार कोण?

पाठिंब्याच्या या मागणीत मला खटकते ती एक गोष्ट. ती बहुतेक वेळा एकाच दिशेने येते. मोठा देश लहान देशाकडे मागतो. इंग्लंडचा चाहता स्कॉटलंडबद्दल मनात आकस ठेवत नाही, उलट ‘तुम्ही खेळत असता तर आम्ही तुम्हालाच पाठिंबा दिला असता’ असं मोठ्या मनाने म्हणतो. आणि नेमकं तेच झोंबतं. ज्याला आपण आपला पहिला प्रतिस्पर्धी मानतो, त्याच्या यादीत आपलं नावच नाही, हे त्या मोठ्या मनातून उघड होतं. इंग्लिश चाहत्याचं वैर जर्मनीशी, अर्जेंटिनाशी. जर्मन चाहत्याला विचाराल तर तो इंग्लंडच्या आधी नेदरलँड्स किंवा इटलीचं नाव घेईल. प्रत्येक जण वरच्या मजल्याकडे बघतो, आणि खालच्या मजल्यावरून आपल्याकडे कोण बघतंय याचा त्याला पत्ता नसतो. अशा वेळी लहान देशाने हसून घेतलेला सूड हा द्वेषापेक्षा ‘आम्हीही इथे आहोत’ अशी दारावरची थाप जास्त असते. २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंड आइसलँडकडून हरला तेव्हा वेल्सचे खेळाडू टीव्हीसमोर उड्या मारतानाचा व्हिडिओ बाहेर आला, आणि काही दिवस इंग्रज टीकाकारांनी नाकं मुरडली. वेल्स त्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. उड्या मारल्याने त्यांच्या खेळाचं काही बिघडलं नव्हतं.

मग दोन्ही शेजारी तोलामोलाचे असतील तर? तिथे थापेचं कारणच नाही, तरीही आग तीच. ८ जुलै २०१४ रोजी बेलो ओरिझोंतेमध्ये जर्मनीने ब्राझीलचा ७-१ असा निकाल लावला. यजमान देश, पाच वेळचा विश्वविजेता, घरच्या मैदानात सात गोल. त्या स्पर्धेत अर्जेंटिनाचे हजारो चाहते ब्राझीलभर फिरत होते, आपल्या घरात आम्हीच मालक झालोय, कसं वाटतंय, अशा अर्थाचं गाणं म्हणत. पाच दिवसांनी रिओच्या माराकाना मैदानावर अंतिम सामना: जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. असंख्य ब्राझीलवासी जर्मनीच्या बाजूने ओरडले. ज्याने पाच दिवसांपूर्वी थोबाडीत मारली त्याच्या बाजूने! ११३ व्या मिनिटाला जर्मनीच्या ग्योत्झेचा गोल झाला तेव्हा त्यांना वाटलेलं समाधान मला तरी अगदी समजतं. जर्मन माणूस चषक घेऊन विमानाने निघून जाणार होता. अर्जेंटिनाचा माणूस तो घेऊन कोपाकबानाच्या वाळूत बसला असता, आणि पुढची पन्नास वर्षं सीमेपलीकडून तेच ऐकवत राहिला असता. लांबच्याचं यश ही बातमी असते. शेजाऱ्याचं यश म्हणजे रोजचं जगणं.

हे सगळं वैर यशाच्या हिशेबावर चालतं, आणि तो हिशेब कधीच जुळत नाही. ब्राझीलवाला पाच विश्वचषक दाखवतो: १९५८, १९६२, १९७०, १९९४, २००२. अर्जेंटिनावाल्याकडे तीन, पण कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेच्या पाटीवर त्याचे सोळा आणि ब्राझीलचे नऊ. शिवाय सगळ्यात ताजा विश्वचषक आमचा, २०२२ चा, असं तो वर लावतो. दोघांच्या मध्ये उरुग्वे, पस्तीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश, दोन विश्वचषक आणि पंधरा कोपा घेऊन बसलेला. त्याच्या जर्सीवर मात्र विश्वविजेतेपदाचे तारे चार. १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं तो विश्वविजेतेपदंच धरतो, कारण तेव्हा विश्वचषक सुरूच झाला नव्हता आणि जगात त्याहून मोठी स्पर्धा नव्हती. हा युक्तिवाद फारसा वाईट नाही. एकूण चषक मोजा, दरडोई चषक मोजा, एकमेकांविरुद्धचे सामने मोजा, शेवटचा चषक कुणाचा ते बघा: प्रत्येक देश आपण जिंकू अशीच मोजपट्टी निवडतो. कुणी म्हणेल, मग हा वादच निरर्थक. मला उलटं वाटतं. ज्या दिवशी सगळे एका मोजपट्टीवर राजी होतील, त्या दिवशी एक देश जिंकेल आणि बाकीच्यांना बोलायला काही उरणार नाही. वाद मिटत नाही म्हणून तर उरुग्वेचा चाहता ब्राझीलच्या चाहत्यासमोर ताठ बसू शकतो.

या मोजमापात सामन्यांची नावंसुद्धा सीमेपाशी बदलतात. २८ ऑक्टोबर १९९३ रोजी कतारमधल्या डोहात जपान इराकविरुद्ध २-१ ने पुढे होता आणि पहिल्या विश्वचषकापासून काही सेकंद दूर. भरपाई वेळेत कॉर्नरवरून इराकने बरोबरी साधली. जपान बाहेर पडला, आणि त्याच दिवशी उत्तर कोरियाला ३-० ने हरवून वाट बघत बसलेला दक्षिण कोरिया गोलफरकावर अमेरिकेच्या विश्वचषकाला गेला. जपानमध्ये त्या सामन्याला डोहाची शोकांतिका म्हणतात. कोरियात, डोहाचा चमत्कार. ज्या सामन्यात कोरियाचा एकही खेळाडू मैदानात नव्हता, तो कोरियाच्या फुटबॉल इतिहासातला मोठा दिवस आहे! या दोन देशांमध्ये वसाहतीचा, सक्तीचा, अपमानाचा इतिहास आहे. १९५४ च्या पात्रता फेरीत तर कोरियाच्या अध्यक्षांनी जपानी संघाला देशात पाऊल ठेवू दिलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही सामने टोकियोतच झाले. त्या ओझ्यापुढे डोहाचा आनंद अगदीच निरागस म्हणायला हवा. आणि २००२ चा विश्वचषक याच दोघांनी मिळून भरवला.

तीच गत कोर्दोबाची. २१ जून १९७८, अर्जेंटिनातल्या विश्वचषकात ऑस्ट्रियाने पश्चिम जर्मनीला ३-२ ने हरवलं, हान्स क्रांकलचे दोन गोल. ऑस्ट्रिया आधीच स्पर्धेबाहेर गेला होता, जर्मनीचंही आव्हान त्या दिवशी संपलं. दोघंही घरी जाणार होते. पण ऑस्ट्रियात तो झाला कोर्दोबाचा चमत्कार आणि जर्मनीत कोर्दोबाची नामुष्की.

आता शेजाऱ्यांनी वैर सोडून समजूतदारपणा दाखवला की काय होतं, हे बघायचं असेल तर त्यानंतर बरोबर चार वर्षांनी स्पेनमधल्या हिहोनला चला. पुन्हा जर्मनी आणि ऑस्ट्रिया. तारीख २५ जून १९८२. गटातल्या अल्जीरियाने पहिल्याच सामन्यात जर्मनीला २-१ ने हरवून जगाला धक्का दिला होता आणि आपले तिन्ही सामने आदल्या दिवशीच संपवले होते. त्यामुळे या दोघांना मैदानात उतरण्याआधीच गणित ठाऊक होतं: जर्मनी एका किंवा दोन गोलांनी जिंकला तर दोघंही पुढे, अल्जीरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला. त्यानंतर जवळपास ऐंशी मिनिटं दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या, अल्जीरियाच्या चाहत्यांनी नोटा फडकवल्या. निकाल १-०. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करण्याचा नियम आला तो या सामन्यामुळे. कोर्दोबाचं वैर अशोभनीय म्हणणाऱ्यांनी हिहोनची मैत्रीही एकदा डोळ्यांखालून घालावी. माझ्या मते फुटबॉलची लाज निघाली ती हिहोनच्या दिवशी.

शेजाऱ्याच्या पडझडीचा आनंद नेमका कुठून येतो, यावर मानसशास्त्रज्ञांनीही काम केलंय. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डच लोकांना जर्मनीच्या फुटबॉलमधल्या पराभवाबद्दल काय वाटतं हे तपासलं होतं. फुटबॉलची आवड जितकी जास्त तितका आनंद जास्त, हे अपेक्षितच. पण आपला देश या खेळात कमी पडतो, याची जाणीव करून दिली की आनंद आणखी वाढत होता. आणि हा परिणाम सगळ्यात ठळक दिसला तो फुटबॉलमध्ये फारसा रस नसलेल्यांमध्ये. इथे मी थबकतो. ज्याला खेळ कळतो तो शेजारी हरल्यावर हसतोच, त्याला कारण लागत नाही. पण ज्याला खेळाशी देणंघेणं नाही त्याला हसवायला आधी कमीपणाची आठवण द्यावी लागते. ही आठवण देण्याचं काम कोण करतं? मथळे लिहिणारे, भाषणं देणारे. खेळावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या कडवटपणाला निदान नव्वद मिनिटांची चौकट असते. उसन्या चाहत्याला ती नसते.

डच-जर्मन वैराबद्दल बोलतोच आहोत तर १९८८ सांगायलाच हवं. १९७४ च्या अंतिम सामन्यात म्युनिकमध्ये क्रायफचा डच संघ आधी गोल करूनही १-२ ने हरला होता. चौदा वर्षांनी हाम्बुर्गमध्ये युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात व्हान बास्टनने शेवटच्या क्षणी गोल केला आणि नेदरलँड्स २-१ ने जिंकला. त्या रात्री देशातली निम्म्याहून जास्त माणसं रस्त्यावर होती असं सांगतात. चार दिवसांनी सोव्हिएत संघाला हरवून त्यांनी चषकही जिंकला, पण लोकांच्या आठवणीत रात्र राहिली ती हाम्बुर्गची. १९९० मध्ये मिलानला नेदरलँड्सचा रायकार्ड जर्मनीच्या फेलरवर थुंकला, दोघांनाही लाल कार्ड मिळालं, आणि काही वर्षांनी तेच दोघे आंघोळीच्या झग्यात शेजारी शेजारी बसून लोण्याची जाहिरात करताना दिसले. खेळाडूंची भांडणं अशी लोण्यात विरघळतात. चाहत्यांना मात्र ती फुकटात चालू ठेवावी लागतात.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मात्र खरोखर वजनाचा आहे. शेजारी हरला यातच सुख मानायची सवय लागली की आपण जिंकण्याची भूक मरते. ऑस्ट्रियाने कोर्दोबा अनेक दशकं उराशी धरून ठेवलं. इतकं, की त्या सामन्याने आपल्याला काहीच मिळालं नव्हतं हे सांगणारा माणूस रंगाचा बेरंग करणारा ठरावा. स्कॉटलंडला २०२१ च्या उन्हाळ्यात, पुढे ढकललेल्या युरो स्पर्धेत, एकच गुण मिळाला, तोही वेम्बलीवर इंग्लंडला ०-० रोखून. चाहते त्या गुणावर लंडनभर नाचले. गटात संघ शेवटचा आला आणि इंग्लंड अंतिम सामन्यापर्यंत गेला. यात काही केविलवाणं आहे, हे मी नाकारत नाही. फक्त एवढंच म्हणतो, की पन्नास लाखांच्या देशाचा फुटबॉल त्या नाचामुळे मागे पडलेला नाही. तो का मागे पडला याचा जाब द्यायचा असेल तर तो संघटना, क्लब आणि प्रशिक्षण चालवणाऱ्यांनी द्यावा. चाहत्याच्या हातात हसण्याखेरीज असतं काय?

आणि आता ती मर्यादा. २००६ च्या त्याच उन्हाळ्यात, मॅकॉनेल-ब्राउन वाद रंगात असताना, एडिनबरामधल्या एका बागेत इंग्लंडची जर्सी घातलेल्या सात वर्षांच्या मुलाला एकाने ठोसा मारला. ॲबर्डीनमध्ये इंग्लंडची जर्सी घातलेल्या एका अपंग माणसाला गाडीतून ओढून काढून मारलं. यानंतर ‘ही तर गंमत आहे’ असं म्हणण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा. रेषा इथेच आहे, आणि ती मुळीच अंधुक नाही: हसायचं ते संघावर, शेजारी उभ्या असलेल्या माणसावर नाही. जर्सी घातलेलं पोर म्हणजे १९६६ नव्हे.

मोठ्या प्रमाणावरही हेच. होंडुरास आणि एल साल्वादोर यांच्यातल्या १९६९ च्या लढाईला जगाने फुटबॉल युद्ध असं नाव देऊन टाकलं आणि त्या नावाने बरंच काही झाकलं गेलं. पात्रता फेरीचे तीन सामने झाले, दंगे झाले, हे खरं. पण होंडुरासमध्ये सुमारे तीन लाख साल्वादोरी शेतकरी-मजूर पोटासाठी येऊन राहिले होते. जमीन सुधारणेच्या नावाखाली त्यांना हुसकावणं आधीच सुरू झालं होतं, आणि दोन्हीकडच्या सरकारांना जमिनीच्या प्रश्नाऐवजी शेजारी दाखवणं सोयीचं होतं. १४ जुलैला सुरू झालेली लढाई शंभरेक तासांत थांबली, माणसं हजारोंनी मेली आणि बेघर झाली. सामन्याने काडी टाकली असेल; गवत कुणी वाळवून ठेवलं होतं? ज्या विश्वचषकासाठी हे झालं म्हणतात, त्यात एल साल्वादोर तीन सामने खेळला, तिन्ही हरला, नऊ गोल खाल्ले आणि एकही केला नाही.

२००९ मध्ये इजिप्त आणि अल्जीरिया यांच्यात असंच झालं. भूगोलाने हे शेजारीही नाहीत, मध्ये अख्खा लिबिया आहे. पण भाषा, धर्म, खंड आणि मान यांच्या हिशेबात पक्के भाऊबंद. कैरोत अल्जीरियाच्या बसवर दगड पडले, खेळाडू जखमी झाले. सुदानमधल्या निर्णायक सामन्यात अल्जीरिया १-० ने जिंकला, आणि त्यानंतर इजिप्तने आपला राजदूत माघारी बोलावला. राजदूत! चाहत्याने टीव्ही फोडला तर तो त्याचा टीव्ही असतो. सरकार चाहत्यासारखं वागायला लागलं की किंमत ज्यांनी सामना बघितलाही नाही ते मोजतात. मला शेजाऱ्यावर हसणाऱ्या प्रेक्षकाची भीती वाटत नाही. त्याच्या हसण्यावर पोळी भाजायला बसलेल्यांची वाटते.

खऱ्या चाहत्याचं वैर फार जवळिकीतून आलेलं असतं, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आयर्लंडमध्ये शनिवारी लिव्हरपूलसाठी किंवा मँचेस्टर युनायटेडसाठी जीव टाकणारा माणूस उन्हाळ्यात इंग्लंड हरावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो, आणि यात त्याला स्वतःला काहीच विसंगत वाटत नाही. १९८८ मध्ये स्टुटगार्टला आयर्लंडने इंग्लंडला १-० ने हरवलं. गोल करणारा रे हॉटन जन्माने ग्लासगोचा. प्रशिक्षक जॅक चार्ल्टन, १९६६ च्या इंग्लंडच्या विश्वविजेत्या संघातला. १९६७ मध्ये वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडचा एक गोल याच माणसाचा होता. आयर्लंडने त्याला सन्माननीय नागरिकत्व दिलं. २०२१ च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्याआधी काही ब्राझीलवासी मेस्सीच्या प्रेमापोटी अर्जेंटिनाच्या बाजूने बोलायला लागले म्हणून नेमार जाहीरपणे चिडला. सामना अर्जेंटिनाने जिंकला, माराकानावरच, १-०. नंतर नेमार रडला, आणि थोड्या वेळाने मेस्सीशेजारी बसून खिदळताना दिसला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आणि मग आल्दिर श्ली. १६ जुलै १९५० रोजी माराकानावर, जवळपास दोन लाख लोकांसमोर, उरुग्वेने ब्राझीलला २-१ ने हरवलं. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरली असती. एका वर्तमानपत्राने तर सामन्याआधीच आपल्या संघाला विश्वविजेता म्हणून छापून टाकलं होतं. हा घाव इतका खोल गेला की त्या दिवशी घातलेली पांढरी जर्सीच अपशकुनी ठरली. नव्या जर्सीसाठी १९५३ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. अट अशी, की राष्ट्रध्वजाचे चारही रंग हवेत. जिंकला हाच श्ली, विशीही न गाठलेला मुलगा, ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, उरुग्वेच्या सीमेवरच्या जाग्वाराओ गावात जन्मलेला. पिवळा सदरा, हिरवी किनार, निळी चड्डी, पांढरे मोजे. पेले ती घालून खेळला, गारिंशा, झिको, रोनाल्डो ती घालून खेळले, पाचही विश्वचषकांशी जगाने तिचंच नातं जोडलं. श्ली स्वतः मात्र उरुग्वेचा चाहता होता, आणि त्याने ते कधी लपवलं नाही. सीमेवर वाढलेल्या माणसाला शेजारी कोण आणि आपण कोण, हे दुसऱ्याने सांगावं लागत नाही.

१५ नोव्हेंबर २०१८ रोजी तो वारला. दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये ब्राझील आणि उरुग्वे यांचा मैत्रीपूर्ण सामना होता. पिवळे सदरे १-० ने जिंकले, नेमारच्या पेनल्टीवर.